थर्माकोलच्या खोक्यातले आठ मासे

माशातलं मला कोणी काही शिकवायचं नाही. हर्णैला माझ्या बापाची होडी होती, सासरीही मासळीचाच धंदा. कल्ला नुसता बोटाने चाचपून मासा कालचा की परवाचा ते सांगते मी, मरियमबी. पण या जूनमध्ये, दुबईत, मुलाच्या अल कुसैसच्या फ्लॅटमध्ये, बोटभर लांबीच्या आठ माशांनी माझी पुरती जिरवली.

आधी बिस्किटाचं सांगते. बिस्किट म्हणजे माझ्या नातीचं, अलिशाचं, कासव. बशीएवढं. हॉलमध्ये त्याची काचेची मोठी टाकी, टाकीत दगड, दगडावर ऊब द्यायला दिवा. तो थाट बघून मी यूनुसला, माझ्या मुलाला, म्हटलं, "तुझ्या बापाची एवढी सेवा कोणी केली नाही रे!"

पण मी व्हिजिटवर आले त्याच आठवड्यात बिस्किटाने खाणं सोडलं. नऊ दिवस पोटात कण नाही. मान आत ओढून दगडावर बसायचं, बस्स. डॉक्टर म्हणाला, आजार काही दिसत नाही, कंटाळलं असेल, आसपास काहीतरी हलतं-फिरतं ठेवून बघा. यूनुसने ठरवून टाकलं, शनिवारपर्यंत खाल्लं नाही तर शारजात एकाच्या बागेत तळं आहे, तिथे नेऊन द्यायचं. अलिशा आठ वर्षांची. शाळेतून आली की बूट न काढताच टाकीसमोर बसायची. माझ्याशी तशीही फार बोलायची नाही. मी मराठीत विचारणार, ती इंग्रजीत एका शब्दात उत्तर देणार, की झालं. पण कासव गेलं तर ही पोर हाय खाणार, एवढं समजायला इंग्रजी लागत नाही.

यूनुसचा मित्र नागेश अल ऐनला असतो. तो गच्चीवरच्या टबात इथलेच मासे वाढवतो, इथल्या डोंगरातल्या ओढ्यांमधल्या जातीचे. ओढ्यातून उचललेले नाहीत, टबातच जन्मलेले. भलते चपळ, कासवाच्या तोंडी सहज लागत नाहीत. त्यातले आठ तो बिस्किटाला सोबत म्हणून पाठवणार होता. पण हे सगळं मला नंतर कळलं. माझ्या कानावर आलं होतं ते इतकंच की नागेश मासे पाठवतोय.

गुरुवारी दुपारी शौकत आला. आमच्याच गावचा, अल ऐन ते दुबई पिकअप चालवतो. घरी मी एकटीच. त्याने दारातच थर्माकोलचा खोका हातात ठेवला.

"खाला, नागेशने मासे दिलेत. यल्ला, पळतो, गाडी रस्त्यात उभी आहे."

आता तुम्हीच सांगा. आमच्या कोकणातला माणूस दुबईला निघाला की त्याच्या सामानात टेप गुंडाळलेला असा एक खोका असतोच. आत सुरमई, पापलेट, वर बर्फ. खोका घरात आला की बाई आधी उठते ती बर्फ बघायला. मीही उठले. उघडून बघते तर हवेने फुगलेली पिशवी, पिशवीत पाणी, पाण्यात आठ काळपट मासे, आणि बर्फाचा खडासुद्धा नाही!

"नागेशने अक्कल गहाण ठेवली वाटतं," मी म्हटलं. "जूनच्या उन्हात बिनबर्फाचे मासे!"

जिवंत आहेत हे दिसलं ना मला. उलट खूश झाले, इतका ताजा माल हर्णैलाही मिळत नाही. फ्रीजरमधले सगळे ट्रे पिशवीवर उपडे केले, झाकण घट्ट लावलं आणि खोबऱ्याचं वाटण करायला घेतलं.

अर्ध्या तासाने अलिशा आली. "दादी! व्हेअर आर माय फिश?"

"बर्फात," मी ऐटीत सांगितलं. "रात्री कालवण."

तिने खोका उघडला. आठही मासे आडवे झालेले. "दे आर बिस्किट्स फ्रेंड्स!" ती किंचाळली, आणि जी रडायला लागली! माझ्या पायाखालची जमीनच सरकली. या अल्ला, हे काय करून बसले मी? साठ वर्षं मासे हाताळले, पण एखादा मासा जगावा म्हणून जीव कधी तुटला नव्हता. तो त्या दिवशी तुटला.

मग बाप आठवला. गळाला लावायला तो खाडीतले बारके मासे घमेल्यात जिवंत ठेवायचा. त्यांनी मान टाकली की आम्हा पोरांना काम लागायचं, तांब्याने पाणी उंचावरून ओतत राहायचं. पाण्यात हवा मिसळली की मासा उठतो.

"रडायचं नंतर," मी पदर खोचला. "बादली आण. तांब्या आण. आणि नळाला हात लावू नको, जूनमध्ये इथल्या नळाला चहाचं पाणी येतं. बिस्किटाच्या टाकीतलं घे. थोडं थोडं. गारठलेल्याला एकदम चुलीत ढकलू नये."

पोरीला माझा शब्द न् शब्द कळला. मासे बादलीत सोडले, त्यात टाकीतलं पाणी कपाकपाने मिसळलं आणि आळीपाळीने ओतत बसलो. किचनचं तळं झालं. माझा खांदा भरून आला, तिने तांब्या दोन्ही हातांनी धरला, पण थांबली नाही हां पठ्ठी. बऱ्याच वेळाने एका माशाचा कल्ला हलला.

"दादी! वन!"

दुपार कलून असरची अजान होईपर्यंत सात मासे बादलीत फिरत होते. आठवा काही उठला नाही. तो मी कागदात गुंडाळून गुपचूप बाजूला ठेवला.

यूनुस आणि सूनबाई तहसीन ऑफिसातून आले. झालेला प्रकार ऐकून तहसीन हसता हसता खालीच बसली. यूनुसने सातही मासे टाकीत सोडले. आम्ही चौघं काचेला नाक लावून बसलो. बिस्किट ढिम्म. मग एक मासा त्याच्या नाकासमोरून सळकन गेला. मान बाहेर आली. दुसरा गेला. आणि आमचे नवाब दगडावरून धपकन पाण्यात! काय तो पाठलाग! पण मासे त्याच्या हाती लागतात होय? हे दगडाखाली, ते दगडाखाली. बिस्किट भुकेजलं होतं, नऊ दिवसांत पहिल्यांदा.

मी कागद उघडला. अलिशाने त्या आठव्या माशाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मानेनेच हो म्हटलं. शेपटीला धरून मी तो पाण्यात हलवत राहिले. खट्! बोट थोडक्यात वाचलं माझं. मासा गेला, वर खाण्याच्या गोळ्याही फस्त. अलिशा सोफ्यावर चढून नाचली आणि मी टाळ्या पिटल्या, माझं वय विसरून.

यूनुसने शारजाला फोन लावला. "खलास, हबीबी. आमचं कासव कुठे जात नाही."

वाटण तयारच होतं, त्यात अंडी सोडली. जेवताना अलिशा माझ्या शेजारी सरकून बसली. बराच वेळ तोंडातल्या तोंडात काहीतरी जुळवत होती. मग बोट उगारून एकेक शब्द म्हणाली, "दादी, मासे आले, तर बर्फ नाही. आधी मला विचार."

तिचं माझ्याशी पहिलं मराठी, आणि तेही दटावणीचं.

"बरं बाई," मी म्हटलं. "विचारीन."