चारपैकी दोन रेषा

तीस वर्षं शहर बस चालवून ड्रायव्हरबाई निवृत्त झाल्या आणि त्याच वर्षी त्यांनी कॉलेजात खगोलभौतिकीला नाव घातलं. धाकट्या बहिणीने कपाळावर हात मारला. नवरा शिंपी, त्याने एक दप्तर शिवून दिलं, आत कॅल्क्युलेटरला वेगळा कप्पा ठेवून.

पहिल्या वर्षी गणिताने त्यांच्या नाकी नऊ आणले. दुसऱ्या वर्षी मात्र प्रयोगशाळा आली, आणि बाईंची कळी खुलली. जोडीदार मिळाली एकोणीस वर्षांची, वर्गात सगळे तिला चिमणी म्हणत.

त्या दिवशीचा प्रयोग सूर्याचा होता. सूर्य स्वतःभोवती फिरतो, त्याची एक कडा आपल्याकडे येते, दुसरी लांब जाते. त्यामुळे त्याच्या प्रकाशातल्या काळ्या रेषा किंचित सरकतात. दोन्ही कडांच्या प्रकाशाचे पट्टे घेऊन ते सरकणं मोजायचं होतं.

चार रेषांपैकी दोन सरकल्या. दोन ढिम्म. चिमणी म्हणाली, यंत्र बिघडलंय, त्या दोन गाळून टाकू. बाईंना ते पटेना. यंत्र बिघडलं तर चारही बिघडतील, दोनच कशा? त्यांनी तीनदा मोजलं. उत्तर तेच. मग त्या खिडकीबाहेर बघत बसल्या आणि एकदम सावरून बसल्या.

"गाडी चालली की झाडं सरकतात, पण समोरच्या काचेवरचा डाग जागचा हलत नाही. चिमणे, या दोन रेषा सूर्यावरच्या नाहीतच."

"पण काकू, मधे काच कुठे आहे?"

"हवा आहे ना. आपली."

सरांनी तक्ता उघडून दाखवला: त्या दोन रेषा आपल्याच हवेतल्या ऑक्सिजनच्या होत्या. सर मनापासून हसले. म्हणाले, मुद्दामच सांगितलं नव्हतं. दरवर्षी निम्मा वर्ग या रेषा गुपचूप गाळतो. चिमणीने बाईंना अशी मिठी मारली की त्यांचा चष्मा घसरला.

त्या दोन स्थिर रेषांपासून बाकीच्या दोन किती सरकल्या ते मोजून दोघींनी सूर्याच्या फिरण्याचा वेग काढला आणि बाईंनी तिथूनच नवऱ्याला फोन लावला. मागे शिलाई मशीन खडखडत होतं.

"अहो, सूर्याची कडा सेकंदाला दोन किलोमीटर धावते. मी मोजलं."

मशीन थांबलं. शिंपीबुवांनी जरा विचार केला.

"थांबे किती घेतो?"

बाईंना हसू आवरेना. शेवटी फोन चिमणीने घेतला आणि गंभीरपणे सांगितलं, "काका, एकही नाही."