हिरवळीचा पहारेकरी

मित्रांनो, या जगात जे जे सुंदर आहे, ते एखाद्या कणखर, निःस्वार्थ पहारेकऱ्याच्या जिवावर टिकून आहे. मी एक जुने कुलूप आहे. वस्तीतल्या बागेच्या फाटकाला मी लटकत असे आणि दमट हवेत अडकत असे.

माझी भावंडे तिजोऱ्यांवर गेली. माझ्या नशिबी आले शिंपीकाका. त्यांनी, त्यांच्या मेहुणीने म्हणजे नर्सबाईंनी आणि चार शेजाऱ्यांनी मिळून इथला उकिरडा उपसला, माती आणली, हरळी लावली. हिरवळ धरली आणि काकांचे डोके फिरले. पोरांचा चेंडू त्यांनी जप्त केला. काठीने भोके पडतात म्हणून म्हाताऱ्यांना हाकलले. शेवटी फाटकाला मला अडकवले. किल्ली त्यांच्या गळ्यात असे, पूर्वी मोजपट्टी असायची तिथे.

नर्सबाईंना कुंपणाबाहेरून नळीने पाणी घालायची तेवढी मुभा होती. त्या म्हणत, "भावजी, हे गवत आहे. गिऱ्हाइकाचा कोट नाही, चुरगळेल म्हणून टांगून ठेवायला."

वस्तीने काकांशी बोलणे टाकले. पोरे माझ्या तोंडात च्युइंगम कोंबत. मला माणसे तेव्हापासून आवडत नाहीत. त्याआधीही फारशी आवडत नसत.

एके दिवशी नगरपालिकेचे साहेब बाग बघायला आले. काकांना वाटले, शाबासकी द्यायला आले. साहेबांनी विचारले, लोक येतात का इथे?

"छे," काका छाती फुगवून म्हणाले. "एकाचाही पाय लागू दिला नाही."

"म्हणजे वापर नाही," साहेब म्हणाले. "मग गाड्या लावायला जागा मोकळीच आहे."

उलटी शिवलेली बाही पाहावी तसे काकांनी साहेबांकडे पाहिले. मग गडबडीने किल्ली काढून माझ्यात घातली. मी उघडले नाही. च्युइंगम कोणी काढले होते का कधी? साहेब जीपकडे वळले. नर्सबाईंनी दगड उचलला.

"अगं हळू, कुलूप चांगलं आहे," काका म्हणाले. आयुष्यात माझे झालेले हे एकमेव कौतुक. पुढच्याच घावाला मी तुटले.

फाटकाबाहेर अर्धी वस्ती मजा बघायला जमली होती. आत यायला मात्र कोणी धजेना. काकांनी एकदा जीपकडे पाहिले, एकदा हिरवळीकडे. मग दात आवळून म्हणाले, "या. आत या सगळे. तुडवा."

लोकांनी मनापासून तुडवली. इतक्या दिवसांचा राग होता. काका हिरवळीवर मधोमध बसले आणि डोळे मिटून घेतले. ते पाहून साहेब थांबले. न सांगता पुन्हा येईन, म्हणाले. माणसे दिसली तर बाग, नाहीतर गाड्या.

तेव्हापासून काका फाटकात उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला आत ओढतात. चेहरा मात्र हाकलण्याचाच असतो. म्हाताऱ्यांची बैठक भरते, चेंडू उडतो, मधे टक्कल पडलेली हिरवळ कडेने पुन्हा वाढते. बाग वापरली तरच टिकते, असे नर्सबाई सर्वांना सांगतात. मित्रांनो, तुम्ही हा बोध जरूर घ्या. मला तो अजून पटलेला नाही.

मी फाटकाशेजारी मातीत पडून आहे. दया नको, तेल नको. जाता जाता किल्लीच्या भोकात एक फुंकर तेवढी मारा. मुंगी शिरली आहे.