गळतीवरचं सील

आमचे बाबा प्लंबर. त्यामुळे आमच्या घरात माणसांचेही दोनच प्रकार होते : गळणारी आणि न गळणारी. मी सात वर्षांची असताना पहिल्या प्रकारात एकटीच होते. ताईने पाहुण्यांचा आवडता कप फोडून कुंडीत पुरला, हे मी पाहुण्यांनाच सांगितलं होतं. त्यानंतर आठ दिवस ताई माझ्याशी थेट बोलली नाही. "आई, त्या गळक्या नळाला म्हणावं, पाय काढ."

अशात जेवताना बाबा म्हणाले, "उद्या हिला सील लावून आणतो. गळती लागल्यावर धावाधाव करण्यापेक्षा आधीच बंद केलेलं बरं."

बोलणं माझ्या नव्या दाढांबद्दल होतं. खाचांत अन्न अडकून कीड लागते, म्हणून त्या आधीच बुजवायच्या. पण दाढ हा शब्द मी पाणी आणायला उठले तेव्हा येऊन गेला असावा. मला एवढंच कळलं, की उद्या माझं तोंड बंद होणार. कायमचं, कारण बाबा कच्चं काम करून घेत नसत.

सकाळी मी उरलेलं बोलून घेतलं. शेजारच्या काकूंचा निरोप घेतला. तेराचा पाढा म्हणून टाकला, नाहीतर पाठ केलेला वाया गेला असता. 'सॉरी' ताईसाठी शेवटी ठेवलं होतं. दवाखान्याच्या दारात म्हणाले. ती सवयीने "आई, हिला म्हणावं..." म्हणाली आणि थांबली. आई घरी होती.

डॉक्टरबाईंनी दाढा घासल्या. बाबा डोक्याशी उभे.

"ओल्यावर धरत नाही हो."

"वाळवतेच आहे."

"आम्ही आधी पॉलिशपेपर मारतो."

"आम्ही आम्ल लावून खरखरीत करतो."

बाबांचं समाधान झालं. मग पांढरं काहीतरी खाचांत भरलं आणि वर निळा दिवा धरला.

"वीस सेकंदांत सुकतं? आमचं अख्खा दिवस घेतं," बाबा खचून म्हणाले.

मला चूळ भरायला सांगितलं. तोंड उघडत होतं. मला जरा फसवल्यासारखं वाटलं.

बाबा बाटलीवरच्या सूचना वाचत आतच रमले. बाहेर बाकावर ताई होती.

"लागलं सील?" तिने विचारलं. मला. थेट.

मी मान डोलावली. लागलं होतंच.

"आता बोलता येत नाही?"

याला मी काहीच उत्तर दिलं नाही. तिने दाराकडे बघितलं, जवळ सरकली आणि माझ्या कानात एक गुपित सांगितलं. बरंच मोठं होतं. सांगून झाल्यावर तिने माझी वेणी सरळ केली.

तिला खरं ठाऊक होतं का, हे मी अजून विचारलेलं नाही. ती आता दूर राहते, आणि ते गुपित तिच्याही लक्षात नसेल. माझ्या आहे.

त्या संध्याकाळी आईने विचारलं, "इतकी गप्प का गं? दुखतंय का?"

ताई समोरच बसली होती. मी मान डोलावली. फारच दुखत होतं.