साबिराची मुकी हळद

साबिराची हळद संध्याकाळी होती, आणि सकाळीच तिच्या भावाने, मुजम्मिलने, फर्मान काढलं की बायकांनी गाणी म्हणायची नाहीत. म्हटली, तर तो निकाहाला बसणार नाही.

वडील वारलेले, म्हणजे बहिणीचा वली तोच. वलीने होकार दिल्याशिवाय निकाह लागत नाही, हे त्याला ठाऊक होतं आणि घरालाही.

मुजम्मिल तसा गुणी. रसायनीला कारखान्यात लागला, आणि खोलीवरच्या मित्रांबरोबर एका कडक मौलानांची भाषणं ऐकू लागला. तेव्हापासून दर सुट्टीला घरातली एकेक गोष्ट हराम होत गेली. आधी आईचं दर्ग्याला जाणं थांबलं. मग भिंतीवरचा वडिलांचा फोटो उतरला. आता शेजारच्या विमलबाईंनी हळद दळायला येऊ नये, असंही तो म्हणत होता. कळंबमधल्या या घराच्या प्रत्येक लग्नात त्या जात्याला बसलेल्या.

साबिरा रडली. सगळ्या मैत्रिणींच्या हळदीत गाऊन तिने घसा बसवून घेतला होता, आणि तिच्याच हळदीला शांतता.

जुलेखाफुफी म्हणजे वडिलांची थोरली बहीण. गावातली मुलं तिच्या ओटीवर अलिफ-बे शिकतात. मुजम्मिलही तिथेच शिकला. हट्टी मुलाला अडवू नये, त्याच्याच वाटेने थोडं पुढे जाऊ द्यावं, हा तिचा अनुभव.

"बरं, गानी नाय," ती म्हणाली. "पन विमल येनार. मुक्यानं दळनं हराम हाय, असं कुनी सांगितलं नाय."

संध्याकाळी जात्याभोवती बायका जमल्या. दामतहून एक पाहुणीही आली होती. तिच्या मुलीशी मुजम्मिलचं लग्न जमत आलं होतं. जातं फिरू लागलं. हात कामात, तोंडं रिकामी. मग तोंडांनी आपलं काम शोधलं.

विमलबाईंनी मुजम्मिलच्या सुंतेचा दिवस काढला. न्हावी आला तसा हा भाताच्या कणगीत शिरला, आणि बाहेर काढायला अर्धा गाव लागला. आईने कोंबड्याची आठवण काढली. त्याच्या भीतीने आठवीपर्यंत तो परसात एकटा जात नसे. पाहुणीने पदर सावरला आणि कौतुकाने विचारलं, "आनि आता जातो का?"

मुजम्मिल दारात येऊन उभा राहिला.

"फुफी, ही गीबत हाय, पाठीमागची निंदा. मोठा गुनाह. मेलेल्या भावाचं मांस खाल्ल्यासारखं."

"पन भाऊ तर जिता हाय रं. दारात उभा हाय."

बायका खाली बघून हसल्या. फुफी हसली नाही. "मला तूच सांग, बाळा. इतक्या बायका रातभर जात्याला बसनार. गानं म्हटलं तर ते नवरानवरीचं. नाय म्हटलं तर हे असं. दोनातला हलका गुनाह कंचा?"

पाहुणी उत्तराची वाट बघत होती. विमलबाईंनी तेवढ्यात त्याच्या शाळेच्या सहलीला सुरुवात केली.

"गानी म्हना," तो घाईने म्हणाला. "पन हळू."

"आनि निकाहाला?" हा प्रश्न साबिराचा. ती पहिल्यांदाच बोलली होती.

त्याने बहिणीच्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिलं. "बसेन गं."

पहिलं गाणं खरंच हळू सुरू झालं. दुसऱ्या कडव्याला साबिराने आवाज चढवला, आणि मग कुणाचाच हळू राहिला नाही. मुजम्मिल दारातून हलला. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून त्याने दार लावून घेतलं, पण आतल्या बाजूने.