खिंडीतल्या वाऱ्याचा आकडा

मी एक जुना वातमापक आहे, म्हणजे वाऱ्याचा वेग मोजणारं यंत्र. मित्रांनो, तुमच्या शाळेच्या व्हरांड्यात काचेच्या कपाटात तीन वाट्यांचं काळपट काहीतरी ठेवलंय ना, तोच मी. माझी कहाणी सांगायला बसलोय खरा, पण तिच्यातलं निम्मं मलाच अजून उमगलेलं नाही.

एका कारखान्यात माझ्या वाट्या घडवल्या, तोलून पाहिल्या आणि दांड्यांना बसवल्या. मग मला वरच्या खिंडीतल्या वेधशाळेच्या खांबावर चढवलं. मी फिरलो की खालच्या खोलीत कागदावर रेघ उमटायची. तिथले निरीक्षककाका दर सहा महिन्यांनी शिडी लावून वर येत आणि माझ्या बेअरिंगमध्ये दोन थेंब तेल सोडत. पाहुण्यांना ते सांगत, हा कधी खोटं बोलत नाही. मी हरखून जायचो.

पुढे काकांचे गुडघे धरले. तीन वर्षं शिडी भिंतीलाच टेकून राहिली आणि मला गंज चढला. त्यातच एका दुपारी असं वादळ आलं की माझं मलाच भान राहिलं नाही. काकांनी कागद पाहिला, ताशी एकशे एक्कावन्न किलोमीटर. तो आकडा त्यांनी हवामान खात्याच्या मोठ्या कचेरीला कळवला.

मोठ्या कचेरीतून उत्तर आलं, की संगणकातल्या हवामान मॉडेलनुसार त्या भागात पंचाण्णवच्या वर वारा जात नाही, यंत्र जुनं आहे, नोंद रद्द. माझ्या आकड्यावर लाल रेघ आली. मी चक्रावलो. वारा आलाच नव्हता, तर मला फिरवलं कुणी? की म्हातारपणी मला भास व्हायला लागले होते?

नेमकं तेव्हाच खिंडीच्या तोंडाशी असलेल्या तुमच्या शाळेवर नवं पत्र्याचं छत चढणार होतं. इंजिनिअरने पंचाण्णव धरून बोल्ट मोजले. काकांची नात त्याच शाळेत तिसरीत होती. काकांनी कचेरीला पत्रांवर पत्रं धाडली, तेव्हा कुठे ते मॉडेल बनवणाऱ्या बाई स्वतः आल्या. त्यांनी मला खालूनच न्याहाळलं.

"काका, हा गंजलाय. आकडा चुकणारच."

"चुकला असेल हो बाई, पण कुठल्या बाजूला? गंजलेली वाटी अडखळते. ती कमी दाखवेल, जास्त कशी दाखवेल?"

 बाईंनी पायरीवर बसून मॉडेलचा नकाशा उघडला. त्यांच्या मॉडेलमधला एकेक चौकोन पन्नास किलोमीटरचा होता, आणि त्यातले सगळे डोंगर सरासरी काढून एका उंचीचे केलेले होते. नळीचं तोंड बोटाने दाबलं की पाणी जोरात उडतं, तसा खिंडीत वारा जोर धरतो. पण त्या नकाशात दाबायला तोंडच नव्हतं.

"माझ्या मॉडेलमध्ये ही खिंडच नाही," बाई म्हणाल्या.

माझी नोंद पुन्हा ग्राह्य धरली गेली. मी खूश व्हायला हवं होतं. पण मला तपासायला खाली उतरवताना गंजाचे पोपडे गळून पडले आणि मी पुन्हा मोकळा फिरू लागलो. वादळाच्या दिवशी मी किती अडखळत होतो, हे आता कुणालाच सांगता येईना. इंजिनिअरने विचारलं, मग खरा वारा किती होता?  शेवटी बाईंनी एकशे एक्कावन्नवर अंदाजाने तीस वाढवले; वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा जोर चौपट होतो, म्हणून बोल्ट साडेतीन पटीहून जास्त झाले.

"गुडघे दुखत होते, तर तेल घालायला दुसऱ्या कुणाला तरी सांगायला हवं होतं मी," काका एवढंच बोलले.

मित्रांनो, तुमच्या डोक्यावरचं छत त्या अंदाजावर उभं आहे. ते पुरेल असं बाई म्हणतात. मलाही तसंच वाटतं, पण वाटणं आणि मोजणं यांत फरक असतो, हे माझ्याइतकं कुणाला माहीत? खिंडीत माझ्या जागी आता नवा वातमापक फिरतोय. त्याला वेळेवर तेल घाला म्हणून मोठ्यांच्या मागे लागा. माझा खरा आकडा मला आता कधीच कळणार नाही.