हिरासिंगची परत-फेक गड्डी

हिरासिंग राठोड दुकानात शिरताना दिसला आणि कपिल दचकून उभाच राहिला. दिग्रसच्या बस स्टँडसमोर कपिलचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. याआधी हा माणूस इथे एकदाच आला होता, तीन वर्षांपूर्वी, आणि "माह्या पोरीले पत्ते शिकवतं का?" म्हणून त्यानं असा तमाशा केला होता की स्टँडवरच्या गाड्यांतून लोक माना बाहेर काढून बघत होते. काका, हे जुगाराचे पत्ते नाहीत, राक्षस-यक्षिणींचा खेळ आहे, असं कपिल सांगत राहिला. पण ऐकतो कोण!

आज मात्र हिरासिंगनं चपला दुकानाबाहेर काढल्या आणि तो गुपचूप स्टुलावर बसला.

"कपिलभाऊ, मले तो खेळ शिकव."

"कोणता?"

"बबिताचा."

कपिलनं हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "बयाड झाले का काका?"

वेडाच झाला होता म्हणा ना. बबिता ही त्याची एकुलती एक मुलगी, तेवीस वर्षांची. अकरा महिने झाले, ती बापाशी एक शब्द बोलली नव्हती. नर्सिंग झाल्यावर तिला नागपूरच्या एका दवाखान्यात नोकरी लागली होती. हिरासिंगला ते पटलं नाही. नाही पटलं तर तसं तोंडावर सांगावं की नाही? पण या गृहस्थानं फोन केला, "तुही याडी सिरीयस हाय, लवकर ये." पोरगी रडत रडत मिळेल त्या गाडीनं तांड्यावर पोचली, तर आई अंगणात बसून तूर पाखडत होती. दवाखान्यात हिरासिंगनं आधीच कळवून टाकलं होतं की ती आता परत येणार नाही. चार दिवस बबिता घरात राहिली. पाचव्या दिवशी बॅग भरून यवतमाळला गेली, तिथे स्वतःच दुसरं काम शोधलं, आणि बापाचं नाव टाकलं ते टाकलंच.

तो हॉस्टेलवर गेला तर ती खाली आली नाही. आईच्या फोनवर त्याचा आवाज आला की फोन बंद. बायकोनं, धनीबाईनं, आता सांगितलं की तिला हैदराबादला काम मिळालंय आणि महिनाअखेरीस ती जाणार. त्याआधीच्या रविवारी यवतमाळात मायागडची, म्हणजे या पत्त्यांच्या खेळाची, स्पर्धा आहे आणि ती तिथे खेळणार. एकदा ती तिकडे गेली की बाप म्हणून आपला विषय संपला, हे हिरासिंगला कळत होतं. त्याला जेवण जात नव्हतं.

"एक सांग," तो कपिलला म्हणाला. "खेळताना बोला लागते का?"

"लागते ना. राक्षस, मोर, हत्ती मांडला का त्याचं नाव मोठ्यानं घ्या लागते. समोरच्याले बी उत्तर द्या लागते. चालेल, नाही तं अडवतो."

"समोर बाप असला तरी?"

"समोर कोणी का असंना. नियमच हाय तसा."

हिरासिंगनं डोळे मिटले. अकरा महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी त्याला सांगत होतं की बबिताला त्याच्याशी बोलावंच लागेल.

"आन् एक डाव किती वेळ चालते?"

"जोरदार डेक असली तं दहा मिनिटांत खलास. लांबला तं पन्नास मिनिटं. मंग घंटा वाजते."

"मले पन्नासच्या पन्नास पाह्यजे."

"जिंकायचं नाही?"

"जिंकून काय करू?"

कपिलनं खालच्या कप्प्यातून पानांचा खोका काढला आणि म्हणाला, "मंग तुमाले परत-फेक डेक बनवा लागन."

खेळ तसा सोपा. चाळीस पानांची गड्डी, तिला ही मंडळी डेक म्हणतात. दर पाळीला एक पान उचलायचं. आधी विहिरी मांडायच्या. विहिरीतून बळ मिळतं आणि त्या बळावर मोर, हत्ती, राक्षस मैदानात उतरवायचे. परत-फेक डेक खेळणारा माणूस स्वतः फारसं काही उतरवत नाही. तो समोरच्याचं मांडलेलं पान उचलायला लावतो आणि त्याच्याच हातात परत पाठवतो. त्यासाठी 'उलटा वारा' नावाचं पान. मग 'विस्मृती' खेळायची, की समोरच्याला हातातलं एक पान फेकून द्यावं लागतं. परत, फेक. परत, फेक. समोरचा मांडून मांडून थकतो आणि डाव लांबतच जातो.

हिरासिंगला हे इतकं पटकन कसं जमलं याचं कपिलला नवल वाटलं. नवल कसलं! वीस वर्षं हा माणूस जिनिंगच्या फाटकावर उभा होता. गाडी आली की कापसात कोपरापर्यंत हात घालायचा, ओल लागली की म्हणायचा, "वापस." शेतकरी हातापाया पडले तरी वापस. सातव्या-आठव्या दिवशी तोच कपिलला शिकवायला लागला.

"हे मोर आन् हत्ती कायले पाठवून राह्यला परत? विहिरीच पाठव. गाडी आत आल्यावर कटकट करण्यापरीस फाटकावरच रोकली का काम झालं."

कपिलनं करून बघितलं आणि त्याचे हातच टेकले. विहिरी परत गेल्या तर बळ नाही. बळ नाही तर हातातलं एकही पान खेळता येत नाही. आणि न खेळलेलं पान विस्मृतीनं फेकून द्यायचं. चार डाव तो नुसता बसून राहिला.

"काका, डेक तं भल्ली जमली," तो शेवटी म्हणाला. "पण खरं सांगू का? अशी डेक घेऊन बसनाऱ्याच्या समोर कोणी दुसऱ्यांदा बसत नाही."

"मले एकदाच बसवायची हाय," हिरासिंग म्हणाला.

धनीबाईला हे सगळं अगदीच पोरखेळ वाटत होतं. जिनिंगवरून आला की नवरा खाटेवर पत्ते पसरून बसतो, ओठातल्या ओठात पुटपुटतो. एका संध्याकाळी ती समोर येऊन उभी राहिली.

"सोताच्या पोरीशी बोलाले पत्ते लागतेत तुमाले? चुकलो म्हना अन् मोकये व्हा."

"फोन उचलते का ते?"

"माह्या फोनवरून सांगतो मी. तुमी नुसतं बोला, 'चुकलं.' बोला."

हिरासिंगनं पत्ते गोळा केले आणि तो बैलाला पाणी दाखवायला उठून गेला. तो शब्द त्याच्या तोंडून आजवर कधी निघाला नव्हता, आणि निघायचा कसा असतो हे त्याला खरोखरच माहीत नव्हतं.

रविवारी सकाळच्या गाडीनं तो यवतमाळला पोचला. एका कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर स्पर्धा होती. सुरभी नावाची एक मुलगी ती भरवत होती. सहाच खेळाडू, त्यामुळे प्रत्येकाची प्रत्येकाशी गाठ पडणार होती. धुतलेलं धोतर, टोपी आणि पत्त्यांची पिशवी घेऊन हा माणूस दारात उभा राहिला तेव्हा बाकीच्या पोरांना वाटलं, कुणाला तरी घ्यायला आलाय.

बबितानं त्याला बघितलं. ती सुरभीजवळ गेली, काहीतरी बोलली. सुरभीनं यादी दाखवली. नाव रीतसर लिहिलेलं होतं, कपिलनंच फोन करून दिलं होतं. बबिता आपल्या जागेवर जाऊन बसली आणि तिनं मान वर केली नाही.

पहिल्या चार फेऱ्यांत हिरासिंग काय खेळला हे त्यालाही सांगता आलं नसतं. दोन हरला, दोन जिंकला. त्याचं सगळं लक्ष पलीकडच्या टेबलाकडे होतं. तिथे ती हसत होती, पानांची नावं घेत होती. तो आवाज त्याला पाठीमागून ऐकू येत होता आणि तो आवाज त्याच्यासाठी नव्हता. पाचव्या फेरीला तिची नि त्याची जोडी होती.

ती समोर येऊन बसली. वाळली होती. हिरासिंगला विचारायचं होतं, जेवतेस का नीट? नाष्टा केला का? पण त्यानं पत्ते पिसायला घेतले. एकदा खेळाचं बोलणं सुरू झालं की हळूच एखादा दुसरा शब्द मध्ये सरकवू, असा त्याचा बेत होता.

बबितानं पहिल्या पाळीला विहीर मांडली. विहिरीला किंवा उलटा वारा, विस्मृती अशा पानांना बोलावं लागत नाही, उत्तरही द्यावं लागत नाही. दुसऱ्या पाळीला दुसरी विहीर, आणि मग ती टेबलाकडे बघत म्हणाली, "अग्निमोर."

अकरा महिने! हिरासिंगला डोळ्यांसमोरचं दिसेना. ती उत्तराची वाट बघत होती.

"चालेल," तो म्हणाला.

आणि मग त्याचा हात चालायला लागला. तीन आठवडे घोटलेला हात तो. उलटा वारा, अग्निमोर परत. विस्मृती, एक पान फेक. विहीर परत. दुसरी विहीर परत. विस्मृती, विस्मृती. पानं अशी जुळून येत होती की पलीकडची पोरं आपला डाव सोडून बघायला आली. "काका, जबरदस्त!" कुणीतरी म्हणालं. खोटं कशाला बोलायचं, हिरासिंगला बरं वाटलं. आपली डेक चालतेय, फाटकावरून एकही गाडी आत जात नाहीये, या आनंदात चांगली तीसएक मिनिटं निघून गेली.

मग त्याच्या ध्यानात आलं, की बराच वेळ त्याला काही ऐकू आलेलं नाही.

बबिताच्या पुढ्यात टेबल रिकामं होतं. तिच्या हातात एकच पान होतं. तिनं गड्डीतून दुसरं उचललं, बघितलं. खेळायला बळ नव्हतं. खेळण्यासारखं काही नसलं तर बोलायची गरज नसते, दोन बोटं टेबलावर टेकवली की झालं. तिनं दोन बोटं टेकवली. मागच्या पाळीलाही तिनं तेच केलं होतं, आणि त्याच्या मागच्याही. अग्निमोर हा एक शब्द बोलून ती गप्प झाली होती, आणि तिला गप्प करणारा दुसरा कुणी नव्हता. त्यानं स्वतःच्या हातानं, एकेक पान निवडून, तिची बोलती बंद करणारी गड्डी बांधली होती.

भिंतीवरच्या घड्याळात अठरा मिनिटं उरली होती. अठरा मिनिटं, आणि मग ही पोरगी उठून जाणार. कसला बयाड माणूस मी, त्याला वाटलं, तीन आठवडे बसून हे केलं मी? त्याच्या हातात दोन विस्मृती होत्या, दोन उलटे वारे. एकेक पान आग लागल्यासारखं बोटांना भाजत होतं. त्यानं पानं उपडी ठेवली आणि दोन बोटं टेबलावर टेकवली.

बबितानं विहीर मांडली. त्यानं बोटं टेकवली. तिनं दुसरी विहीर मांडली. त्यानं बोटं टेकवली.

"पाषाणहत्ती," ती म्हणाली.

"चालेल."

"धुक्याची राणी."

"चालेल."

"खडकासुर. हल्ला."

"चालेल, चालेल."

त्याचं मैदान उद्ध्वस्त होत होतं आणि तो मान हलवत होता. बघणाऱ्या पोरांना काही कळेना. काकांना अचानक झालं काय? पण हिरासिंग तिच्या तोंडाकडे बघत होता. प्रत्येक नाव तो कान टवकारून ऐकत होता आणि घड्याळाकडे बघायची त्याला भीती वाटत होती. किती मिनिटं? सहा? पाच?

बबिता थांबली. तिनं त्याच्या उपड्या ठेवलेल्या पानांकडे बघितलं. मग पहिल्यांदा तिनं त्याच्या डोळ्यांत बघितलं.

"तुमच्या हातात पानं हाय," ती रागानं म्हणाली. "मले जिंकवून राह्यले का? कोनं सांगतलं तुमाले? खेळा ना!"

"नाही खेळत."

"काहून?"

तीन आठवड्यांत जुळवलेलं एकही वाक्य त्याला आठवेना. जे होतं तेच तोंडातून निघालं.

"मी खेळलो का तुह्या हातात काही राहत नाही, बबी. आन् मंग तू बोलत नाही."

भोवतीची पोरं चुळबुळत मागे सरकली. सुरभी तिकडे वह्या आवरल्यासारखं करत होती. बबिताचे डोळे भरून आले होते आणि ते तिला आवडलेलं नव्हतं, हे तिच्या घट्ट मिटलेल्या ओठांवरून दिसत होतं.

"हे नागपूरच्या वेळेले समजाले पाह्यजे होतं, बा," ती म्हणाली.

तिचं खरं होतं.

"हो," तो म्हणाला. मग जीव एकवटून, "चुकलं माह्यं."

घंटा वाजली. डाव अर्धवट राहिला. बबितानं आपली पानं गोळा केली, डबीत भरली, सुरभीच्या कागदावर सही केली. बॅग खांद्याला लावली. क्षणभर ती टेबलाशी उभी राहिली, मग दाराकडे वळली.

हिरासिंग उठून उभा राहिला. जिन्यावर तिची पावलं वाजत होती. "थांब, वापस ये" एवढं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं, आणि त्यानं हाक मारली असती तर ती कदाचित थांबलीही असती. त्यानं दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली आणि तोंड घट्ट मिटून घेतलं. खालचं दार वाजलं. पोरगी गेली, आणि आयुष्यात पहिल्यांदा बापानं तिला जाऊ दिलं.