पाखऱ्याच्या अंगावरच्या गोचिडी

इंझोरीच्या शालिकरामला कोणी काही म्हणो, दिलेला शब्द तो मोडत नसे. जिथे खुशाल मोडावा तिथेही मोडत नसे, हीच तर त्याच्या बायकोची, आवडाबाईची, जन्माची तक्रार.

आता हेच बघा. गेल्या साली त्याचा सोन्यासारखा बैल गोचीडतापात गेला. म्हणून गोचिडीवरची नवी लस घेऊन डॉक्टर तनुजा गावात आली, तेव्हा यानेच आपली चांद्या-पाखऱ्याची नवी जोडी पुढे केली. एका बैलाला खरी लस, दुसऱ्याला नुसतं मिठाचं पाणी. कोणाला काय टोचलं, हे तनुजालाही माहीत नव्हतं.

"काका, गोचिडी काढू नका, औषध लावू नका. मी येऊन मोजणार," ती म्हणाली.

"हात नाही लावत, बाई," शालिकराम बोलून बसला.

पुढे चांद्या तुकतुकीत राहिला आणि पाखऱ्याच्या मानेखाली, कानामागे, शेपटीच्या बुडाशी गोचिडी गच्च भरल्या. त्यात मोजणीच्या आदल्याच दिवशी आला पोळा.

"असा बैल तोरणाखाली नेता? लोक तोंडात शेण घालतीन," आवडाबाई कडाडली.

"शब्द देल्ला हाय."

"मंग शब्दालेच झूल घाला."

त्याने पाखऱ्याला धुतलं, पण अंगावर अंडी मांडल्यासारखं जपून. वरून लांबलचक झूल टाकली. तोरणाखाली कोणाला काही दिसलं नाही, निभावलं.

मग रिवाजाप्रमाणे जोडी घरोघरी पूजेला निघाली. प्रयागबाईने कुंकू लावलं, पुरणपोळी भरवली, आणि पाय धुवायला वाकली तशी तिला झुलीखालची गोचीड दिसली. ढोरावर गोचीड दिसली आणि बाईने ती तशीच सोडली, असं त्या गावात घडलेलं नाही. चिमटीत धरली, ओढली, दगडाने ठेचली. चंदाबाईने तेच केलं, सोनीबाईनेही तेच. शालिकराम पुढे कासरा धरून मिशीत हसत होता. मागे काय चाललंय, त्याचा या शहाण्याला पत्ता नाही.

घरी येऊन झूल काढली, तर पाखऱ्या साफ! शालिकरामने कानामागे, शेपटीखाली शोध शोध शोधलं; एक नाही.

सकाळी तनुजाने दोन्ही बैल चाचपले आणि तिचा चेहरा उतरला. "म्हणजे माझ्या लसीत आणि मिठाच्या पाण्यात काही फरकच नाही?" मग तिची नजर शालिकरामवर गेली. "की काढल्या तुम्ही? काका, तुम्ही शब्द दिला होता."

ते त्याच्या काळजाला लागलं. नवऱ्याला दिवसभर शिव्या घालणाऱ्या आवडाबाईला मात्र दुसऱ्याचं हे बोलणं सोसेना. ती तरातरा गेली आणि पूजा करणाऱ्या सगळ्या बायांना अंगणात घेऊन आली.

"सांगा वो, कोनं काढल्या?"

"म्या चार काढल्या," प्रयागबाई म्हणाली.

"म्या दहा," चंदाबाई लगेच म्हणाली.

"म्या त मूठभर," सोनीबाई मागे कशी राहील?

बाकीच्याही चढाओढीने आकडे सांगू लागल्या; बेरीज म्हशीच्या अंगावरही मावली नसती. तनुजाने पेनाला टोपण लावलं. "हे मी लिहू शकत नाही."

"अन् चांद्यावरच्या?" शालिकरामने हळूच विचारलं.

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. "त्याच्यावरबी हात फिरवला," प्रयागबाई हिरमुसून म्हणाली, "पन एक नाही गवसली."

"पाहा, डाक्टरीनबाई. चांद्यावर एक जरी असती, त या हरेकीनं तिच्या दहा केल्या असत्या."

तनुजाला हसू आवरेना, आणि डोळेही भरून आले. "चुकले, काका. शब्द तुम्ही पाळलात. ही मोजणी बाद धरावी लागेल, पण पाखऱ्यावर गोचिडी पुन्हा होऊ दिल्या तर परत मोजता येईल."

शालिकरामने भीतभीत बायकोकडे पाहिलं. ती चांद्याच्या स्वच्छ मानेवरून हात फिरवत होती.

"होऊ द्या," आवडाबाई म्हणाली. "कोनाले हात नाही लावू देत मी."

शालिकरामला भरून आलं. आता शब्द आवडाबाईने दिला होता. गावाची काही खैर नव्हती.